गुरुवारची बस

गुरुवारी पहाटे सहा-दहाला
दोल्ना क्रुशाच्या वळणावर मी हेडलाइट मंद करतो.
दोब्रिंका उभी असते:
नवऱ्याचा रेल्वेतला जुना कोट, रबरी बूट,
दोन हातांत दोन पिंजरे,
त्यांवर टेबलावरचं प्लास्टिक, सूर्यफुलांच्या छापाचं.
"दोन आहेत," ती म्हणते. "मांजरी शिव्या देतेय, बोका गप्प आहे.
मला गप्प असलेल्याची काळजी."

गावात चौऱ्याऐंशी घरं. धूर अकरांतून निघतो.
बाकीची माणसं गेली. कुणी स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला,
कुणी जर्मनीत दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालायला,
कुणी वरच्या टेकडीवर, क्रॉसखाली.
जाताना माणसं गॅस बंद करतात,
नळ बंद करतात, शेगडीतली राख काढतात.
मांजर बंद करायची कळ नसते.
ती उंबऱ्यावर बसून राहते,
आधी एकटी,
मग पाच जणी, मग मोजायचं सोडून द्यावं इतक्या.

म्लादेन पूर्वी दर वसंतात
गोणपाट घेऊन नदीकडे जायचा.
वाईट माणूस नव्हता. कुणीतरी ते करायचंच,
आणि बाकीचे घरात रेडिओ मोठा करून बसायचे.
हे पिंजरे त्यानेच वळलेत,
पाडलेल्या द्राक्षमांडवाच्या तारेतून.
आमिषाला सारडिनही त्याच्याच डब्यातलं.
याबद्दल गावात कुणी बोलत नाही.
मीही एवढंच बोलतो.

मार्चमध्ये तपासनीस चढला.
नवा होता, बुटांना पॉलिश.
"हे सामान की प्रवासी?
सामान असेल तर वजन करा, प्रवासी असेल तर तिकीट."
दोब्रिंकाने पाकीट उघडलं.
पेन्शनीतून डॉक्टरांचे बाजूला काढलेले पैसे
रुमालाच्या गाठीत होते, ती गाठ दाताने सोडू लागली.
मी आरशात बघत होतो. रस्त्याकडे बघायला हवं होतं.

तेवढ्यात सूर्यफुलांखालून आवाज आला.
गप्प असलेल्याचा.
मांजराचा वाटेना.
बाहेरून कडी लागल्यावर
आत राहिलेल्याचा असतो तसला.

तपासनीस गुडघ्यांवर बसला.
प्लास्टिकचं टोक उचललं.
बस ओक वृक्षांमधून चढ चढत राहिली,
दोन थांबे गेले, कुणी उतरलं नाही.
मग त्याने पावती फाडली. मी नंतर वाचली:
ज्येष्ठ महिला, एक.
सोबत पाच वर्षांखालील मुलं, दोन. मोफत.

बोक्याच्या मागच्या पायात रानडुकरांचा फासा रुतला होता,
तार मांसाच्याही आत.
डॉक्टर इस्क्रेन म्हणाले, पाय जाईल, बोका राहील.
तो दवाखान्यातच ठेवला.
मांजरी संध्याकाळच्या फेरीला परतली,
डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे
हिचं झालं, हिला पुन्हा धरू नका.
शिव्या तेवढ्याच, फक्त जरा पेंगुळलेल्या.

वळणावर मी इंजिन बंद केलं.
दोब्रिंकाने दार वर ओढलं.
आभार वगैरे काही नाही,
मांजरी एक क्षण भिंतीसारखी उभी राहिली
आणि सुटली.
शाळामास्तरांच्या घराच्या दिशेने,
जिथे तीन वर्षं कुलूप आहे.
पायरीवर चढली, पाठ आमच्याकडे,
तोंड दाराकडे, शेपूट पायांभोवती नीट घेतली.

"रोज असंच," दोब्रिंका म्हणाली.
"ताटली मी तिथेच ठेवते. हलवून काय करू?"

माझी मुलगी सारागोसाला असते. रविवारी फोन करते.
आईच्या घराचं कुलूप तेल घालून ठेवलंय का, विचारते.
ठेवलंय म्हणतो.

त्या दिवशी बस सात मिनिटं उशिरा डेपोत पोचली.
उशिराचं कारण नोंदवहीत लिहावं लागतं.
मी लिहिलं: वाटेत जनावर.

पुढच्या गुरुवारी बोका घरी आला,
तीन पायांवर, पिंजऱ्याशिवाय,
दोब्रिंकाच्या कोटात.
त्याची पावती फाडायला कुणी नव्हतं.