तीन बांध

आमच्याकडे बांधांना नावं नाहीत, कामं आहेत.
समुद्राच्या तोंडाला उभा, तो जागल्या.
त्याच्या पाठीमागे, मैलभर बीटाची शेतं सोडून, निजल्या;
पहिला गेला तरच त्यानं उठायचं.
आणि पार आत, नाशपातीच्या बागेला टेकून, स्वप्नाळू.
त्यानं खारं पाणी शेवटचं पाहिलं
तेव्हा माझी पणजीसुद्धा जन्मायची होती.
पोरं त्याच्यावरून घसरगुंडी करतात.

बाप, मारिनुस, चौतीस वर्षं बांधखात्यात.
कागदावर लिहायचे ‘बळकटीकरण’.
तो चिखलाचे बूट दाराशी काढत म्हणायचा,
‘भरवून आलो. जेवला पोटभर.’
चिकणमाती, तिच्यावर गव्हाचा पेंढा,
आणि पेंढा मातीत टोचून टोचून शिवायचा,
गोधडीला घालतात तसे टाके.
सशाचं बीळ दिसलं की म्हणायचा, दात किडलाय.

वादळाच्या रात्री आमच्या घरात एक शब्द बंद.
‘फुटला’ म्हणायचं नाही, फोनवर तर नाहीच.
म्हणायचं, ‘निजल्याला उठवा.’
आई तेवढ्यावर उठायची,
मेणबत्त्या, पाव, कोंबड्यांची खुराडी माळ्यावर.
तीनदा उठली. तिन्ही वेळा खोटं निघालं,
आणि तिन्ही वेळा ती त्याच्यावर चिडली, रडली,
मग सगळ्यांना कॉफी केली.

मार्चमध्ये त्याच्या डोक्यात रक्त साकळलं.
चमचा गेला, किल्ली गेली, माझं नाव गेलं,
सगळं बुडालं. वर राहिले तीन शब्द.

वाचा शिकवणारी बाई चित्रं दाखवायची.
दिव्याचं चित्र. ‘जागल्या.’ ती फुली मारायची.
हाताचं चित्र. तो स्वतःच्या लुळ्या उजव्या हाताकडे बघून,
‘निजल्या.’ फुली.
बाई डोंगराकडची, चांगली होती,
तिला कोण सांगणार.
मी शेजारी बसून तिच्या फुल्या मोजायचे,
आणि एकही मला पटायची नाही.

रात्रपाळीची नर्स: जागल्या.
गोळ्यांची डबी: तीही.
उशाखालचा चष्मा, न घातलेले बूट: निजल्या.
आईच्या फोटोकडे मात्र तो बराच वेळ बघायचा,
ओठ जुळवायचा, आणि मग
जिभेवर काहीतरी जपून ठेवल्यासारखा,
‘स्वप्नाळू.’

नोव्हेंबरात उधाण आणि वायव्येचा वारा एकाच रात्री आले.
मी त्याच्या खाटेशी खुर्ची ओढली. पहाटेचे तीन.
काचा थरथरत होत्या.
त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बोट केलं.
मी वाट बघत होते पहिल्या शब्दाची,
इतकी जागले होते, तो माझाच होता.
‘निजल्या,’ तो म्हणाला.
मला लागलं ते. खोटं कशाला बोलू.
मग त्यानं डावी मूठ स्वतःच्या छातीवर आपटली, एकदा, दोनदा:
‘जागल्या.’
आणि हातानं मला हाकललं,
जा, झोप.

गेले. झोप कुठली.
भिंतीपलीकडे त्याचा श्वास, वर जायचा, खाली यायचा,
त्याच्यामागे मी, अंथरुणात, कपड्यांसकट.

सकाळी आहाराच्या बाईंनी नवा तक्ता लावला होता,
त्यात एका रकान्यात तोच सरकारी शब्द.
मी ओटची पेज चमच्याचमच्यानं दिली,
हनुवटीवरचं पुसलं,
आणि भावाला उट्रेख्तला फोन लावला:
‘भरवून आले. जेवला पोटभर.’
पलीकडे तो हसला, की हसल्यासारखं केलं.

फेब्रुवारीत पुन्हा फोन केला, उजाडायच्या आधी.
म्हणाले, ‘निजल्याला उठवा.’
बराच वेळ नुसती खरखर.
मग त्यानं विचारलं, आमच्याकडे विचारतात तसं,
‘पाणी कुठवर आलंय?’
मी खिडकीचा पडदा सारला.
ओहोटी होती.
जागल्यावर दोन मेंढ्या, ओल्या, चरत होत्या.