काचेवरची जाळी

माझ्या यंत्राला बावीसच बटणं.
शब्द तिथे कानानं ऐकल्यासारखे उमटतात.
'विज्ञान' एका फटक्यात होतं,
'शपथ'सुद्धा.
दोघांत एका बोटाचा फरक.

नेब्रास्का. सत्त्याण्णवचा ऑक्टोबर.
कोर्टाच्या खिडकीबाहेर मका कापणीला आलेला,
आत एमेट कोल्टरमन, गळ्याशी सैल असलेल्या उसन्या सुटात.
त्याचं घर जळालं, बायको आत राहिली,
तो बाहेर राहिला, हाच त्याच्यावरचा पहिला आरोप.

तज्ज्ञ होता गेलन, सोळा वर्षं आगीच्या बंबावर.
त्यानं खिडकीच्या काचेचा तुकडा वर धरला.
त्यावर बारीक जाळी, कोळ्यानं रात्रभर बसून विणावी तशी.
"पेट्रोल असलं की काच अशी तडकते."
कशावरून?
"मी पाहिलंय."
मी उमटवलं : मी पाहिलंय.

बचावाचा वकील उठला, हे विज्ञानच नव्हे म्हणाला.
जूरीला बाहेर पाठवलं.
जज सुखानेक,
बांधांचे वाद आणि मक्याची वजनं तोलता तोलता केस पिकलेले,
त्यांनी चष्मा पुसला,
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाराला सात कमी,
आणि म्हणाले, "हे विज्ञान आहे. बोलवा त्यांना."
माझ्या कागदी पट्टीवर ते दीड इंचात मावलं.
काळ्या दगडावरची रेघ इतकी लहान असते
हे मला तेव्हा कळलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
पण पायरी काही आपण निवडून चढत नाही.
एमेट तर बेडीसकट चढला.

एकोणीस वर्षांनी तीच खोली, नवा गालिचा.
थेल्मा नावाची म्हातारी आली, काच कारखान्यातली,
सोबत छोटी भट्टी आणि स्वयंपाकघरातला डाव.
साध्या खिडकीचा तुकडा तिनं लालसर होईतो तापवला,
वर डावभर पाणी ओतलं.
चर्र.
आणि जाळी. तीच, तशीच.
"पेट्रोल नाही," ती म्हणाली. "पाणी."
म्हणजे आग विझवायला धावले
त्यांच्याच नळीनं विणली होती ती.

सरकारी वकील म्हणाला, विज्ञान काय ते शास्त्रज्ञ ठरवतील,
कोर्टानं का नाक खुपसावं?
नव्या जजबाई ओबरमायर पेन खाली ठेवून म्हणाल्या,
"त्यांच्याकडे हवी तेवढी वर्षं आहेत.
याच्याकडे नाहीत."
मला ते पटलं.
सत्त्याण्णवलाही मला पटलंच होतं.

मग थेल्माला विचारलं : तुमची खात्री आहे?
ती बराच वेळ भट्टीकडे बघत राहिली.
"आजपुरती."

या शब्दाला माझ्याकडे एका फटक्याची खूण नाही.
तीस वर्षांत कुणी शपथेवर उच्चारलाच नव्हता.
आज. पुर. ती.
तीन फटके मारले, बोटं अडखळली.

सुनावणी तहकूब झाली. खोली रिकामी होत होती.
मागच्या बाकावरून सुखानेक उठले, हातात टोपी,
काठी टेकत टेबलापर्यंत आले.
"हात लावू का?"
"थांबा," थेल्मा म्हणाली, "अजून गरम आहे."

यंत्र मी झाकून ठेवलं होतं, म्हणून हे कुठल्याच नोंदीत नाही.
ते थांबले.
टोपी छातीशी धरून,
घड्याळाकडे पाठ करून.