हळदीचा डाग

हरिपूरच्या पेवातली शेवटची पोती यार्डात आली,
सौदा सुरू व्हायच्या आत
आण्णाप्पा हमालांनी एक हळकुंड माझ्या हातावर ठेवलं.
"काचेला लावणार म्हणं? लाव. तिचंबी लगीन होऊ दे."

कुटून, स्पिरिटात भिजवून, गाळून
पांढऱ्या लेपाची काच रात्रभर त्यात बुडवली.
दुसऱ्या काचेवर मेणबत्तीची काजळी धरली,
मधे आयोडीनचा थेंब,
कडेला दोन कागदी चिमटे.

कॉलेजच्या गच्चीवर, मार्चच्या उन्हात
मीटरवर उमटलं : शून्य पूर्णांक चार.
एवढ्यावर भिंतीवरचं घड्याळसुद्धा चालत नाही.
तरी मी ओरडले.
खाली कुणीतरी खिडकी उघडली.

पाचव्या दिवशी काच फिकी. आकडाही.

आई दांडीवर लुगडं टाकत होती.
"साबणाला न हटणारा हळदीचा डाग
ऊन उचलतं.
एवढंही शिकवत नाहीत व्हय तुमच्यात?"
मग बादलीतला हात पुसून
तुरटीचा खडा पुढं केला.
"रंगारी ह्यानं बांधायचे रंग."

आज अकरावा दिवस.
काच पिवळी आहे.
नाही, पिवळट.
वहीत 'पिवळट' असंच लिहिलंय,
बोटाचा डाग शेजारीच पडलाय.

ती वही मी गच्चीवर नेत नाही.