सातचा दुसरा घात

डर्बीत, पिअर ट्री रोडवरच्या घरात,
चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात
भाड्याच्या टीव्हीला कमोडोर जोडून
मी वर्गांचा प्रोग्राम लिहिला.
यंत्र विचारणार, हेरंब सांगणार.
तो सात वर्षांचा, म्हणून सुरुवात सातपासून.

घातासाठी त्या कळफलकावर एक बाण होता,
वर बघणारा, ताऱ्याच्या शेजारी.
तारा म्हणजे नुसतं गुणिले.
बाण मारला की आकडा थेट माडीवर.
सात, बाण, दोन.
मला तो फार आवडायचा.

हेरंबने टाइप केलं एकोणपन्नास.
चूक, म्हणालं यंत्र.
त्याने पुन्हा केलं, हळू, जीभ बाहेर काढून.
चूक.
मग त्याने सातचा पाढा मोठ्याने म्हटला, एके सातपासून,
आणि सात सातीपाशी आवाज चिरकला.
टीव्हीकडे पाठ करून बसला, जेवलाही तसाच.

मी ओळन् ओळ तपासली.
शेवटी यंत्रालाच म्हटलं, तुझं उत्तर दाखव.
४९.००००००१

बाबा दुपारपाळीहून साडेदहाला आले.
ते विमानांच्या इंजिनांची पाती मोजायचे;
केसाच्या दहाव्या भागाइतकं जास्त भरलं
तरी लाल रंगाचा ठिपका, आणि बाजूला.
कोट न काढताच त्यांनी काचेवर बोट टेकवून शून्यं मोजली.
"सहा. मग एक. म्हणजे कोटीचा एक भाग."
आणि हसले.
"घात केला म्हण की."

गॅसच्या बिलामागे पेन्सिलने आकडे मांडत म्हणाले,
"अगं, हे सात साती करतच नाही.
सातचा लॉग घेतं, त्याची दुप्पट करतं,
मग तिथून परत यायला निघतं.
इतक्या लांब जाऊन आलेला आकडा
तस्साच कसा राहील?
कुठे थोडं सांडतं, कुठे थोडं चिकटून येतं."

आई ताट वाढता वाढता थांबली.
त्या जूनमध्ये ती सहा वर्षांनी सांगलीला जाऊन आली होती.
बहिणी म्हणाल्या होत्या, तू वेगळं बोलतेस.
काय वेगळं, ते एकीलाही सांगता आलं नव्हतं.
"आमटी गरम करू?" एवढंच म्हणाली.

बाणाच्या जागी तारा आला. सात तारा सात.
झोपलेल्याला उठवू नकोस, असं आई म्हणत असताना
मी हेरंबला उठवून आणलं.
त्याने अर्धवट डोळ्यांनी चार दाबलं, नऊ दाबलं.
बरोबर, म्हणालं यंत्र.
"मला माहीत होतं," तो म्हणाला,
आणि तिथेच गालिच्यावर आडवा झाला.

कोरी कॅसेट घरात नव्हती.
मावशीला पाठवायचं म्हणून आईने बोलून ठेवलेलं,
पाठवायचं राहून गेलेलं एक पत्र होतं,
त्याच्यावरच मी प्रोग्राम साठवला, न विचारता.
बाणाची ओळ मात्र पुसली नाही.
तिच्यापुढे रेम लिहिलं:
यादीत ती दिसते, यंत्र तिचं काही ऐकत नाही.

परवा ती कॅसेट साध्या प्लेयरवर लावली.
आधी कितीतरी वेळ किरकिर,
पत्र्यावर कानस चालवल्यासारखी.
तिच्यात कुठेतरी तो बाण.
मग खट्ट,
आणि वाक्याच्या मधूनच आई,
"...थंडी आहे. बाकी सगळं ठीक."