जानेवारीचं वजन

हॅनकॉक, मिशिगन.
तारीख उद्या घालीन, पत्र आज संपणार नाही.

विषय: आर्नी हाइकिनेन, वय छप्पन्न,
यांची जठराची शस्त्रक्रिया आपण नाकारलीत, त्याबाबत.

महोदय,
(खोडलं. वाचणारी बाईही असेल.)
जे कोणी असाल ते,

तुमचं पत्र पोचलं. तीन पानं.
दुसऱ्या पानावर ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’,
तिसऱ्यावर आमच्या प्रकृतीला शुभेच्छा.
कारण असं, की सलग सहा महिने
आहारतज्ज्ञांसमोर वजन व्हायला हवं होतं
आणि जानेवारी कोरा आहे.

जानेवारी कोरा नव्हता हो.
पांढरा होता.

अकरा तारखेच्या दुपारी बर्फ पडायला लागला
तो चौदाच्या पहाटे थांबला.
आर्नी कौंटीचा नांगर चालवतो,
बर्फाचा; शेत नाही आमच्याकडे.
एकोणतीस वर्षं.
बाराला सकाळी साडेनऊची त्याची वेळ होती.
साडेनऊला तो टेकडीच्या चढावर
पात्याखाली रस्ता चाचपत होता,
मागे रुग्णवाहिका,
तिच्यात कुणाची तरी मुलगी, दिवस भरलेली.
दवाखान्यापर्यंतची वाट त्यानं काढली
आणि आत त्याच्याच नावापुढे
कुणीतरी लिहिलं: गैरहजर.

(हे ठेवू का? टोमणा वाटेल.
ठेवते.)

आता घरचं थोडं. फॉर्मात रकाना नाही त्याला.
सॉनात तो वरच्या फळीवर बसायचा,
बाप बसायचा तिथेच.
गेली चार वर्षं खाली बसतो, दाराशी.
म्हणतो, वर फार तापतं.
मी पाहिलाय त्या फळीचा मधला खिळा, वाकलेला.
रात्री नाकावर मशीन.
बुटांच्या नाड्या मी बांधते, तेवढा वेळ तो
खिडकीबाहेर बघत राहतो,
जणू बाहेर काही चाललंय.
आळशी नाही तो.
असलं लिहू नये म्हणतात. वकीलबाई म्हणाल्या,
आकडे द्या.

आकडे.
तीन महिन्यांची साखर: नऊ पूर्णांक चार.
वजन डिसेंबरात तीनशे चौऱ्याऐंशी पौंड,
फेब्रुवारीत तीनशे एकाहत्तर.
मधलं तुम्हाला हवंय.

तर सोबत जोडलंय ते नीट बघा.
दवाखान्याचा कागद नव्हे तो.
कौंटीच्या आगारातला वजनकाटा, ट्रकचा.
बारा जानेवारी, रात्री अकरा चाळीस.
मीठ-वाळू उतरवून गाडी काट्यावर चढली
तेव्हा तो उतरला नाही, मुद्दाम.
पावती घेतली. मग उतरला,
आणि पुन्हा घेतली.
दोन पावत्या. वजाबाकी तीनशे ऐंशी,
बूट, जाड कोट आणि खिशातलं सफरचंद धरून.
काटा वीस-वीस पौंडांनी सरकतो,
तेवढं सांभाळून घ्या.

मला त्यानं सांगितलं नव्हतं.
परवा गाडीच्या कप्प्यात सापडल्या,
चार घड्या, डिझेलचा वास.
कुणी सांगितलं नसताना, तसल्या थंडीत,
माणूस मालासारखा स्वतःला काट्यावर घालतो
ते कशासाठी, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.
मी त्याला विचारलं नाही.
सकाळी नाड्या बांधताना
एक गाठ जास्त मारली, एवढंच.

(इथल्या शेवटच्या ओळी काढायच्या. आकडे द्या.)

अपिलाची मुदत सोमवारी संपते.
पोस्ट पाचला बंद होतं,
आणि रविवारी, म्हणतायत, पुन्हा बर्फ.
टपालाची गाडी टेकडी उतरेल की नाही
याची मला काळजी नाही.
पुढं कोण असेल ते ठाऊक आहे.

कळावे.
म्हणजे, खरंच कळावे.

डोरीन हाइकिनेन
(सोबत: पावत्या दोन. मूळ प्रती आहेत,
परत पाठवाव्यात.)