खिडकीतली बोटं

दूध संकलन केंद्राची खिडकी वीतभर उंच.
चेहरे तिच्यात मावत नाहीत.
कॅन येतो, कॅनच्या कडीला धरलेली बोटं येतात.
चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी,
अकरा वर्षं मी माणसं बोटांवरून ओळखतो.

पौषात पहिला फोड जुम्मा तडवीच्या अंगठ्यावर.
तुरीएवढा, मधोमध बेंबीसारखा खळगा.
"पऱ्हाटी खुपली," म्हणाला.
मी फॅट लिहिली : सात पॉइंट दोन.
चौथ्या दिवशी त्याच्या बायकोची तर्जनी,
मग गुजर गल्लीतले तीन हात,
मग रेवसिंग पावराच्या पोरीचं कपाळ,
कारण धार काढताना ती म्हशीच्या कुशीला
डोकं टेकवून बसते.

गोठ्यात जाऊन पाहिलं.
सडांवर तेच. पारडाच्या नाकपुडीवर तेच.
बोट लागलं की म्हैस लाथ झाडायची
आणि पिळणाराही हात झटकायचा;
दोघांना एकाच जागी दुखत होतं.

कुणी दारात कडुलिंबाचा डहाळा खोवला : देवी आल्या.
निवृत्त गुरुजी चिडले. देवी गेल्या, म्हणाले,
शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं मी वाचलंय,
रोगी दाखवा, हजार रुपये मिळवा.
शेवटी शेवटी कुणालाच मिळाले नाहीत.

मग पुण्याहून गाडी आली.
खपल्या नळीत, नळ्या बर्फात.
कडब्याच्या गंजीखाली, बांधाच्या बिळांशी
शेंगदाणे लावून पिंजरे मांडले.
सकाळी पाच घुशी, आणि लांब शेपटीचा
रानातला एक उंदीर,
जो शेंगदाणा दोन्ही हातांत धरून
आमच्याकडे बघत खात राहिला.

त्याच म्हशी पिळणाऱ्या इच्छाराम आबांची बोटं मात्र कोरी.
"माले काहीच व्हयनं नही," ते हसून म्हणाले.
डॉक्टरीण बाईंनी त्यांची बाही वर सरकवली.
दंडावर जुना, गोल, सुरकुतलेला वण.
बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या.
मग हळू म्हणाल्या,
हा आजार कदाचित त्याच लशीच्या घराण्यातला.
कधीतरी कुणाच्या तरी दंडावरून उतरला असेल,
गोठ्यात शिरला असेल.
मधली वर्षं कुणाकडे राहिला
तेवढं कळत नाही.
आणि त्यांनी पिंजऱ्यावर ओलं पोतं टाकलं.

मधली वर्षं.
म्हणजे आम्ही टोचणं थांबवलं,
वण नसलेली मुलं जन्मली, मोठी झाली, दूध घालू लागली,
आणि बिळात काहीतरी
पिढ्यान्‌पिढ्या, कुणाला न दुखवता, जगत होतं.
किंवा नव्हतं.
घुशींच्या रक्तात काय निघालं
हे आम्हाला कुणी कळवलं नाही.

लाल औषधाच्या पाण्याने सड धुतले, हात धुतले.
तीन आठवड्यांत खपल्या पडल्या.
डेअरीने दूध पुन्हा घेतलं.
केंद्राच्या पत्र्यावर रात्री खुडबुड झाली की
मी आता काठी आपटत नाही.
दंडावरून हात फिरवतो;
गुळगुळीत आहे. माझा जन्म चौऱ्याऐंशीचा.

शनिवारी पगारपत्रकावर जुम्माने अंगठा उठवला.
शाईच्या रेषांत मधेच एक पांढरा ठिपका,
रेषा तिथवर येतात आणि
वळसा घालून पुढे जातात.
मी टीपकागद दाबला.
"पुढचा कॅन," म्हणालो.