नावं पुसलेल्या पुड्या

कलेक्टरसाहेबांनी थंडीपायी शाळांची सुट्टी
आणखी पाच दिवस वाढवली.
कंपूच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट
की दूधवाल्याची सायकल आधी ऐकू येते,
दूधवाला मागाहून दिसतो.

हरिहरभावोजींनी सिलिगुडीहून आणल्या होत्या
चहाच्या अकरा पुड्या,
प्रत्येकीवर निळ्या शाईत तिचं नाव.
गाडीत वरच्या बर्थवर पाण्याची बाटली कलंडली.
चहा वाचला, नावं वाहून गेली.
"अंदाजानं प्या," म्हणाले, आणि ड्यूटीवर परतले.

तेव्हापासून दुपारी चार वाजता रोज एक पुडी.
ओजस घड्याळ लावतो, तीन मिनिटं.
शाल्मली पाटी घेऊन बसते,
कारण निनावी काही पिऊ नये असं तिचं मत.
पहिलीचं नाव पडलं 'ओली उदबत्ती',
दुसरीचं 'कापलेलं गवत'.
तिसरी लाल, आंबटढोण; तिच्यात यांनी
पाठ वळवून तीन चमचे साखर घातली,
म्हणून ती 'बाबांची चोरी'.
एक मोगऱ्याची निघाली. माईआत्या म्हणाल्या,
"हे प्यायचं की केसात माळायचं?"
तरी दोन कप घेतले, वर गजक खाल्ली,
आणि चव मारली म्हणून
गजकेलाच रागावल्या.

अप्पा या खेळात नाहीत.
त्यांचं पातेलं वेगळं, पितळी, बुडाशी चेपलेलं.
पाणी, ठेचलेलं आलं, गूळ,
आणि इतका उकळायचा की खिडकीच्या काचांना घाम फुटावा.
दूध खाली उतरवल्यावरच, नाहीतर गुळानं फाटतं.
"बिनदुधाचा चहा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी."
एवढं बोलून बशी दोन्ही हातांनी उचलतात
आणि फुंकरीनं तिच्यात लाटा काढतात.

सातवी पुडी उघडली आणि मुलं मागे सरकली.
काळी पानं. वास धुराचा,
ओलं लाकूड जळावं तसा.
"खराब झालाय, टाकून दे," ओजस म्हणाला.
मी तरी पाणी ओतलं.
म्हटलं, तीन मिनिटं तर बघू.

आतल्या खोलीत रेडिओ बंद झाला.
अप्पा दारात. कानटोपी, एक मोजा पायात, एक हातात.
"शेगडी कुणी पेटवली?"

कप दिला. बशी नाही, दूध नाही.
आधी प्यायलेच नाहीत. नाकाखाली धरून म्हणाले,
सुमावली.
मग एक घोट. जौरा.
मग कैलारस,
मग बराच वेळ काही नाही,
मग सबलगढ.
प्रत्येक स्टेशनाला एक घोट, आणि मधले थांबे
त्या छोट्या गाडीचे असत तेवढे,
गार्डाला उतरून शेंगा घेता याव्यात इतके.

सतरा वर्षं झाली मला या घरात येऊन.
छोट्या लायनीवर गार्ड होते, इतकंच माहीत.
इंजिनाच्या धगीवर बदलूराम ड्रायव्हर किटली ठेवायचा,
पहाटे, बोटं वळत नसताना,
हे आज कळलं.
"आणि दूध?" शाल्मलीनं विचारलं.
"दूध कुठलं तिथं!"
बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.
आम्ही कुणी हसलो नाही. माईआत्या हसल्या.

"मग नाव काय लिहू?"
अप्पांनी विचार केला, कप पुढे केला.
"आधी अर्धा अजून दे."

भावोजींना फोन लावला.
धुरकट? काळा? त्यांना आठवेना,
असं काही घेतलंच नव्हतं म्हणाले.
पुडीत चार चमचे उरलेत.
तिला दोन रबरं लावून मी
जायफळाच्या डब्याआड ठेवली आहे.
पाटीवर सातवी ओळ कोरीच.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी आपला नेहमीचाच उकळला.
काचा घामेजल्या, पातेलं खाली उतरलं.
दूध ओतण्याआधी तेवढे
थोडा वेळ थांबले.